फिल्म आणि टीव्हीचं शिक्षण घ्यायचंय? अर्जापासून मुलाखतीपर्यंत विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय तयारी करावी

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेली चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, डी.एड., नाहीतर सरळ दुकान. अशा वेळी एखादा मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, "मला फिल्म मेकिंग शिकायचंय." मग घरात शांतता पसरते. अब्बू वर्तमानपत्रात डोकं घालतात, अम्मी विचारते, "म्हणजे नक्की काय करणार?" आणि मामू म्हणतात, "त्या लाईनीत ओळख लागते बेटा."

ओळख लागते हे काम मिळवताना काही प्रमाणात खरं आहे. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तसं नाही. देशातल्या चांगल्या सरकारी संस्थांत प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होतो. तिथे कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते. लागतात ती वेळेवर केलेली कागदपत्रं, भरलेला अर्ज आणि वर्षभराची तयारी. आपली बरीच मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, या तीन गोष्टींतल्या एखादीत कमी पडतात. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

आधी हे समजून घ्या: फिल्म म्हणजे फक्त हिरो आणि डायरेक्टर नाही

सिनेमाच्या शेवटी पडद्यावर सरकणारी नावांची लांबलचक यादी आठवा. त्यातलं प्रत्येक नाव एका कामाचं असतं. कॅमेरा, एडिटिंग, साउंड रेकॉर्डिंग, साउंड डिझाइन, आर्ट डायरेक्शन, पटकथा, प्रॉडक्शन मॅनेजमेंट, कलर करेक्शन, व्हीएफएक्स. टीव्हीमध्ये यात स्टुडिओ, ओबी व्हॅन आणि ब्रॉडकास्टचं तांत्रिक काम येतं. याशिवाय डॉक्युमेंटरी, शैक्षणिक फिल्म, बातमीदारी आणि कंपन्यांच्या माहितीपटांचं मोठं क्षेत्र आहे.

२००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंडचंच शिक्षण घेतलेले. केरळच्या एका खेड्यातून आलेला हा मुलगा पडद्यावर कधी दिसला नाही, पण त्याचं काम जगाने ऐकलं. आपल्या मुलाचा कल नेमका कशात आहे हे ओळखणं म्हणूनच पहिलं पाऊल आहे. ज्याला भौतिकशास्त्र आवडतं आणि आवाजाचे कान आहेत, त्याने डायरेक्शनच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. चित्रकला चांगली असलेली मुलगी आर्ट डायरेक्शनचा विचार करू शकते.

कुठे शिकायचं?

पुणे, एफटीआयआय. लॉ कॉलेज रोडवर जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता, त्याच आवारात १९६० साली ही संस्था सुरू झाली. नसीरुद्दीन शाह इथेच अभिनय शिकले. 'सलीम लंगडे पे मत रो' आणि 'नसीम' बनवणारे सईद मिर्झा इथलेच. मराठीत 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' देणारे उमेश कुलकर्णी, २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या पायल कपाडिया हेही इथलेच विद्यार्थी. २०२५ मध्ये केंद्र सरकारने या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. फिल्म विभागात डायरेक्शन आणि पटकथा, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड, आर्ट डायरेक्शन असे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आणि टीव्ही विभागात एक वर्षाचे अभ्यासक्रम अशी आजवरची रचना आहे. विद्यापीठ झाल्यावर पदव्यांची नावं आणि कालावधी बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचा. जुन्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

दिल्ली, जामिया मिल्लिया इस्लामिया. इथलं ए.जे.के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ साली तेव्हाचे कुलगुरू अन्वर जमाल किदवाई यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. दोन वर्षांचा एम.ए. मास कम्युनिकेशन हा इथला सर्वात नावाजलेला कोर्स. नावात मास कम्युनिकेशन असलं तरी शिक्षण मुख्यतः फिल्म, टीव्ही, रेडिओ आणि फोटोग्राफी हाताने करायचं. कबीर खान, किरण राव, बरखा दत्त इथे शिकले. शाहरुख खानही इथे दाखल झाला होता, कोर्स मात्र अर्ध्यावर सुटला. रॉयटर्सचे फोटोजर्नालिस्ट दानिश सिद्दीकी, ज्यांना रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये सहकाऱ्यांसह पुलित्झर मिळालं आणि जे २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारले गेले, तेही याच सेंटरचे. याशिवाय इथे कन्व्हर्जंट जर्नालिझम, डेव्हलपमेंट कम्युनिकेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि अ‍ॅनिमेशन या विषयांत एम.ए. करता येतं. ब्रॉडकास्ट टेक्नॉलॉजी आणि स्टिल फोटोग्राफीचे डिप्लोमाही आहेत.

कोलकाता, सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. १९९५ पासून सुरू असलेली ही दुसरी केंद्रीय संस्था. तिलाही २०२५ मध्ये पुण्याबरोबरच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठात पत्रकारिता आणि जनसंवादाचं शिक्षण उर्दूतून मिळतं. मालेगाव, भिवंडी, औरंगाबादच्या उर्दू शाळांतून आलेल्या आणि इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांनी हा पर्याय नक्की पाहावा.

जवळचे पर्यायही कमी लेखू नका. मुंबई विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत बारावीनंतर बीएएमएमसी करता येतं. पुण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या काही कॉलेजांत कम्युनिकेशन स्टडीजचे विभाग आहेत. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज करताना 'पिस्तुल्या' हा लघुपट बनवला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. जिल्ह्याच्या कॉलेजातून इथपर्यंत जाता येतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

पात्रता: बारावी की पदवी?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एफटीआयआय, कोलकाता आणि जामियाच्या एम.ए. साठी पदवी लागते. बहुतेक शाखांना पदवी कुठल्याही विषयाची चालते. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. उर्दू, इंजिनिअरिंग, काहीही. मात्र दोन अपवाद लक्षात ठेवा. साउंडच्या कोर्सला बारावीला फिजिक्स असणं विचारलं जातं आणि आर्ट डायरेक्शनला चित्रकला, आर्किटेक्चर, इंटिरियर अशा विषयांची पार्श्वभूमी लागते. म्हणजे दहावीनंतर आर्ट्स घेतानाच साउंडचं दार बंद होऊ शकतं. मुलाला आवाजाची आवड असेल तर हे आधीच बघा.

त्यामुळे बारावी झालेल्या मुलांनी घाई करू नये. आपल्या आवडीच्या विषयात चांगली पदवी घ्या आणि ती तीन वर्षं तयारीची समजा. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र शिकलेला मुलगा फिल्म शाळेत मागे राहत नाही, उलट त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

कागदपत्रं: इथेच आपली मुलं अडकतात

हा भाग अम्मी-अब्बूंनी स्वतः वाचावा, कारण हे काम मुलापेक्षा त्यांचं जास्त आहे.

नाव. आपल्या घरात एकाच माणसाची तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर 'शेख मोहम्मद इरफान अब्दुल रहीम', आधारवर 'इरफान शेख', मार्कशीटवर 'मो. इरफान'. इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. एकट्या 'शेख'ची चार स्पेलिंग आपल्या मोहल्ल्यात सापडतील. ऑनलाइन अर्जात दहावीच्या मार्कशीटप्रमाणे नाव लागतं आणि पडताळणीच्या दिवशी आधार, जातीचा दाखला आणि मार्कशीट समोरासमोर ठेवले जातात. मेळ बसला नाही की धावपळ. म्हणून दहावीची मार्कशीट हा पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती लवकर होते. मार्कशीटवरच चूक असेल तर बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. नाव खरंच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा. हे सगळं परीक्षेच्या महिन्यात होत नाही, वर्षभर आधी सुरू करा.

ओबीसी दाखला. महाराष्ट्रात बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन-जुलाहा, मुलाणी अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसीत येतात. पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची यादी वेगळी. एफटीआयआय, कोलकाता, जामिया या केंद्राच्या संस्था आहेत. तिथे आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रीमी लेयरसह लागतो. कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी काढलेला राज्याचा दाखला इथे चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करताना "सेंट्रलचा पाहिजे" असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर त्यावरचा मजकूर वाचून घ्या.

ईडब्ल्यूएस. ज्यांची जात ओबीसीत येत नाही अशा शेख, सय्यद, पठाण, खान घराण्यातल्या मुलांना वाटतं की आपल्याला काहीच नाही. तसं नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला मिळतो. एफटीआयआयसारख्या केंद्रीय संस्थांत त्यासाठी १० टक्के जागा असतात. हा दाखला दरवर्षी नव्याने काढावा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही.

एसटी. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल बांधव मुस्लिम असूनही अनुसूचित जमातीत येतात. त्यांच्या मुलांनी ही सवलत सोडू नये.

जामियातला कोटा. जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. त्यानंतर तिथे ३० टक्के जागा मुस्लिम उमेदवारांना, १० टक्के मुस्लिम मुलींना आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी व एसटी उमेदवारांना राखीव असतात. अर्जात योग्य खाना भरला नाही तर याचा फायदा मिळत नाही, कारण नंतर प्रवर्ग बदलू देत नाहीत.

या सगळ्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि सही स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मोबाईलमध्येही ठेवा आणि मेलवरही. शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून अर्ज भरू नका. कॅफेवाल्याचा मेल आयडी आणि त्याचाच मोबाईल नंबर टाकलेले अर्ज आजही असतात. मग हॉल तिकीट कुठे येतं, कुणाला कळत नाही.

परीक्षा कशी असते?

जामियाचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होतात. एफटीआयआय आणि कोलकात्याचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं, म्हणून जानेवारीपासून दर आठवड्याला त्यांची वेबसाइट बघायची सवय ठेवा. महाराष्ट्राच्या मुलांसाठी एक चांगली गोष्ट म्हणजे २०२५ च्या प्रवेशासाठी जामियाने मालेगावला परीक्षा केंद्र दिलं. प्रत्येक कोर्सची परीक्षा प्रत्येक केंद्रावर होत नाही, त्यामुळे केंद्र निवडताना आपल्या कोर्ससमोर कोणती शहरं दिली आहेत ते बघा.

लेखी परीक्षेचे दोन भाग समजा. एक वस्तुनिष्ठ, म्हणजे पर्याय निवडायचे. त्यात सिनेमा, साहित्य, चित्रकला, संगीत, चालू घडामोडी, इतिहास, तर्क असं सगळं येतं. दुसरा लेखी, ज्यात एखाद्या प्रसंगावरून गोष्ट लिहा, चित्र पाहून वर्णन करा, पाहिलेल्या फिल्मबद्दल मत मांडा अशा प्रकारचे प्रश्न असतात. त्यात पाठांतर उपयोगी पडत नाही. तुम्ही किती बारकाईने बघता, ऐकता आणि ते स्वतःच्या शब्दांत मांडू शकता का, हे तिथे तपासतात.

मराठीत पेपर नसतो. हिंदी आणि इंग्रजीची तयारी लागते. आपली मुलं हिंदी चांगली बोलतात, पण देवनागरीत लिहायची वेळ आली की अडखळतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर हा अडसर जास्त जाणवतो. रोज एक पान लिहायची सवय हाच त्यावरचा उपाय.

लेखीनंतर निवडलेल्या उमेदवारांना मुलाखतीला बोलावतात. एफटीआयआयमध्ये त्याआधी काही शाखांसाठी एकत्र बसवून प्रत्यक्ष काम करून घेतलं जातं. एका शाखेत जागा साधारण दहा-बाराच असतात, त्यामुळे पहिल्या खेपेला नाही झालं तर त्यात अपमान नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला प्रवेश मिळालेले विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतात.

'तुम्हाला फिल्म का शिकायची?' याचं उत्तर

बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत किंवा मुलाखतीआधी एक निवेदन मागतात. मुलं तिथे लिहितात, "मला लहानपणापासून सिनेमाची खूप आवड आहे. मला मोठा दिग्दर्शक होऊन समाजाची सेवा करायची आहे." समोरच्या परीक्षकाने हे वाक्य त्या दिवशी शंभर वेळा वाचलेलं असतं.

त्याऐवजी आपल्या घरातलं लिहा. समजा मुलगा भिवंडीचा आहे. त्याने असं लिहिलं: "आमच्या घराच्या खाली बारा लूम आहेत. रात्रंदिवस खडखडाट. पाहुणे आले की म्हणतात, झोप कशी येते? पण लाईट गेली की लूम बंद पडतात आणि त्या शांततेत मी दचकून जागा होतो. मला या आवाजावर फिल्म करायची आहे." पाच-सहा वाक्यं आहेत, पण त्यात घर आहे, धंदा आहे, आवाज आहे आणि मुलगा काय ऐकतो हेही कळतं. असा मुलगा मुलाखतीला गेला की परीक्षक त्याला पुढचा प्रश्न विचारतातच.

कोकणातल्या मुलीकडे आखातात गेलेल्या वडिलांचे व्हॉइस मेसेज असतील. सोलापूरच्या मुलाकडे अम्मीने वळलेल्या विड्यांचा हिशोब असेल. मिरजेच्या मुलाने सतार बनवणारे कारागीर जवळून पाहिले असतील. हे मुंबईच्या मोठ्या शाळेत शिकलेल्या मुलाकडे नाही. आपल्याला वाटतं आपल्याकडे काही नाही. फिल्म शाळा नेमकं हेच शोधत असते.

एक सावधगिरी. हे निवेदन दुसऱ्याकडून किंवा मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात आणि उसनी ओळ दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

पोर्टफोलिओ: मोबाईल पुरेसा आहे

मालेगावच्या शेख नासिर यांनी स्थानिक मित्रांना घेऊन, हाताशी असलेल्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे त्यांच्या सुपरमॅनवर फैझा अहमद खान यांनी डॉक्युमेंटरी केली आणि रीमा कागती यांची 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' ही हिंदी फिल्मही आली. सायकल आणि बैलगाडी वापरून शॉट घेणाऱ्या या माणसांपेक्षा आज आपल्या प्रत्येक घरातला मोबाईल जास्त चांगला आहे.

सुरुवात अशी करा:

• दोन ते पाच मिनिटांची एक छोटी फिल्म. एक जागा, एक किंवा दोन माणसं. दादीचं पान लावणं, सकाळची बेकरी, ईदच्या आदल्या रात्रीचं शिंप्याचं दुकान.
• मोबाईल आडवा धरा आणि टेकवून ठेवा. हलणारा कॅमेरा सगळ्यात आधी खटकतो.
• आवाजासाठी दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. नवख्या मुलांच्या फिल्म चित्रापेक्षा आवाजात जास्त फसतात.
• सिनेमातली गाणी मागे लावू नका. परीक्षकाला तुमचं काम बघायचं असतं, गाणं नव्हे.
• फोटोग्राफी करत असाल तर सुटे फोटो देण्यापेक्षा एकाच विषयावरचे आठ-दहा फोटो द्या.
• आर्ट डायरेक्शनसाठी स्केचबुक, साउंडसाठी रेकॉर्ड केलेले आवाज, पटकथेसाठी दोन-तीन पानांच्या गोष्टी ठेवा.

परवानगीचा मुद्दा विसरू नका. दर्ग्यात, मशिदीत, मदरशात किंवा कुणाच्या घरात शूटिंग करण्याआधी विचारा. बायकांचे, लहान मुलांचे फोटो त्यांच्या घरच्यांना न सांगता काढू नका. मोहल्ल्यात एकदा विश्वास गेला की दुसऱ्यांदा कुणी कॅमेऱ्यासमोर उभं राहत नाही. मुलाखतीतही "यांची परवानगी घेतली होती का?" असं विचारू शकतात आणि विचारलंच पाहिजे.

काय बघायचं, काय वाचायचं

रोज फिल्म बघून तयारी होत नाही, बघितलेल्या फिल्मवर एक पान लिहून होते. प्रत्येक फिल्मनंतर तीन गोष्टी लिहा: कोणता शॉट लक्षात राहिला, आवाज कुठे वापरला, आणि गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली.

सुरुवातीला ही यादी घ्या. सत्यजित रे यांची 'पथेर पांचाली' (१९५५), महबूब खान यांची 'मदर इंडिया' (१९५७), फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या मुस्लिम कुटुंबावरची एम. एस. सथ्यू यांची 'गर्म हवा', सईद मिर्झांची 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९), संदीप सावंत यांची 'श्वास' (२००४), नागराज मंजुळेंची 'फँड्री' आणि चैतन्य ताम्हाणे यांची 'कोर्ट'. बाहेरच्यांत इटलीची 'बायसिकल थीव्ज' (१९४८) आणि इराणच्या दोन, अब्बास किआरोस्तमी यांची 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (१९८७) आणि माजिद मजीदी यांची 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). शेवटची फिल्म घरातल्या सगळ्यांबरोबर बसून बघा. बुटांच्या एका जोडीवर अख्खी फिल्म उभी आहे. "आमचा मुलगा काय शिकणार?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर अब्बूंना तिथेच मिळेल.

पूर्ण कोर्सला जायच्या आधी चाचपून बघायचं असेल तर एफटीआयआयने २०१७ पासून देशभर काही दिवसांचे-आठवड्यांचे छोटे कोर्स सुरू केले आहेत. आवड खरी आहे की नुसती हौस, हे त्यात कळतं.

खर्च आणि मदत

सरकारी संस्थांची फी खासगी संस्थांच्या तुलनेत बरीच कमी असते, तरी हॉस्टेल, प्रवास, जेवण आणि प्रोजेक्टचा खर्च धरावा लागतो. पैशांसाठी तीन दारं ठोठवा. पहिलं, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि राज्याचं महाडीबीटी पोर्टल. दुसरं, राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ, जे शैक्षणिक कर्ज देतं. जिल्हा कार्यालयात जाऊन आपला कोर्स त्यात बसतो का ते विचारा. तिसरं, आपल्या जमातीचे ट्रस्ट आणि जकात फंड. बरेच ट्रस्ट मेडिकल-इंजिनिअरिंगलाच मदत देतात. पण संस्था केंद्र सरकारची आहे, प्रवेश परीक्षेतून मिळाला आहे आणि हातात पदवी येणार आहे, हे कागदासह मांडलं तर ऐकून घेतात.

खासगी संस्थांबाबत सावध राहा. "कोर्स करा, फिल्ममध्ये रोल देऊ," "शंभर टक्के प्लेसमेंट," "आज भरलं तर पन्नास हजार सूट" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, शिकवणारे स्वतः काय काम करतात आणि सोडलं तर फी परत मिळते का, हे लेखी विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर ते उत्तर नाही.

मुलींबद्दल

पालकांची खरी काळजी इथे असते, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. रात्रीचं शूटिंग, लांबचं हॉस्टेल, "लोक काय म्हणतील". लोकांचं उत्तर आपल्याकडे नाही, सुरक्षेचं आहे. लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती प्रत्येक संस्थेत असणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रवेशाआधी अब्बू किंवा भाईने एकदा सोबत जाऊन हॉस्टेल बघावं, वॉर्डनला भेटावं, समितीत कोण आहे हे विचारावं आणि रात्री शूटिंग असेल तर परत येण्याची सोय काय, हेही. हे प्रश्न विचारणारे पालक मागासलेले नसतात.

आणि एडिटिंग, साउंड, पटकथा, संशोधन, अ‍ॅनिमेशन यांसारखी बरीच कामं चार भिंतींच्या आतलीच आहेत, हेही घरात सांगा. नमाजची वेळ, रमजानमधलं शूटिंग, कोणत्या प्रकारचं काम करायचं आणि कोणतं नाही, हे प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो. डॉक्युमेंटरी आणि शैक्षणिक फिल्मवर आयुष्यभर काम केलेली माणसं या क्षेत्रात भरपूर आहेत.

खरं सांगायचं तर

हे सोपं क्षेत्र नाही. पदवीनंतर पहिली दोन-चार वर्षं कमाई अनियमित असते. एक प्रोजेक्ट संपला की दुसरा मिळेपर्यंत घरी बसावं लागतं. बारा-बारा तास उभं राहावं लागतं. ज्या घराला पहिल्याच महिन्यापासून पगार हवा आहे, त्यांनी टीव्ही, ब्रॉडकास्ट टेक्नॉलॉजी किंवा एडिटिंग यांसारख्या जास्त स्थिर शाखांचा विचार करावा. मुलाने घरी हे आधीच सांगावं आणि पालकांनी किती वर्षं थांबू शकतो हे त्याला स्पष्ट सांगावं. अर्ध्या वाटेवर होणाऱ्या भांडणापेक्षा हे बरं.

तरीही हा अर्ज भरावा असं आम्हाला वाटतं. पडद्यावर आपण दिसतो ते कसे? एक तर कव्वाली गाणारे, नाहीतर बंदूक घेतलेले, नाहीतर हिरोसाठी जीव देणारे दोस्त. मिरजेचा सतार बनवणारा, रत्नागिरीचा मच्छीमार, मालेगावची लूम चालवणारी बाई, नागपूरचा संत्र्याचा व्यापारी, घरात मराठी-उर्दू-दखनी एकत्र बोलणारी आपली माणसं तिथे क्वचितच असतात. त्याबद्दल आपण चहाच्या टपरीवर तक्रार करतो. ती गोष्ट सांगायला आपल्यातलं कुणीतरी कॅमेऱ्याच्या मागे असावं लागतं, आणि तिथे पोहोचायचा रस्ता एका ऑनलाइन अर्जातून जातो.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. मुलाची दहावीची मार्कशीट आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवा आणि नावाचं स्पेलिंग जुळतं का ते बघा. सुरुवात तिथूनच करायची.